प्रवासातली चूल: शिधा, स्टोव्ह आणि सिलिंडर

२६ ऑगस्ट २०२३ रोजी पहाटे, सव्वापाचच्या सुमारास, मदुराई स्थानकाच्या आवारात बाजूच्या रुळावर उभ्या असलेल्या एका डब्याला आग लागली. डबा लखनौहून निघालेल्या यात्रेकरूंचा होता. १७ ऑगस्टला निघालेली ही मंडळी दक्षिणेतली देवस्थाने पाहत रामेश्वरकडे चालली होती. संपूर्ण डबा एका सहलवाल्याने आरक्षित केला होता. तो एका गाडीला जोडायचा, मुक्कामी सोडवायचा, दुसऱ्या गाडीला पुन्हा जोडायचा, अशी व्यवस्था होती. डब्यात चोरून आणलेल्या गॅस सिलिंडरवर चहा करण्याचा प्रयत्न झाला आणि आग भडकली, असे रेल्वेने जाहीर केले. नऊ माणसे गेली.

बातमी दोन दिवस चालली आणि विझली. नियम मोडला, त्याची शिक्षा मिळाली, असा एक कोरडा सूर तिच्याभोवती होता. परंतु हा प्रश्न इतका सोपा नाही, असे वाटते. दहा दिवसांच्या प्रवासात साठांहून अधिक माणसांचे जेवण करावयाचे ठरते, तेव्हा विस्तव कोठून येणार, हा प्रश्न कोणी तरी विचारायला हवा होता. तो कोणी विचारला नाही म्हणून सिलिंडर आला. प्रवासात चूल नेण्याची ही गोष्ट जुनी आहे आणि तिची बरीच पाने मुंबईत, विशेषतः गिरगाव, दादर आणि परळ-लालबाग या पट्ट्यात लिहिली गेली आहेत. ती पाने उलटून पाहण्याचा हा प्रयत्न आहे.

शिधा आणि तीन दगड

रेल्वेपूर्व काळातला प्रवासी विस्तव बरोबर नेत नसे. त्याच्या गाठोड्यात शिधा असे: तांदूळ, पीठ, डाळ, मीठ, तिखट, क्वचित तूप. चूल मुक्कामी मिळे. नदीकाठी तीन दगड मांडले की चूल झाली. गावातून सरपण आणि निखारा आणला की विस्तव झाला. विष्णुभट गोडसे यांनी १८५७ च्या धामधुमीत वरसईहून उत्तरेकडे केलेल्या प्रवासाचा जो वृत्तांत मागे ठेवला, त्या काळचा प्रवास याच रीतीचा होता. धर्मशाळा ही संस्थाच या रीतीवर उभी होती. डोक्यावर छप्पर, पाणी आणि स्वयंपाकाला मोकळी जागा, एवढे तिने द्यावे. बाकी प्रवाशाचे प्रवाशाने पाहावे. गिरगावात सी. पी. टँकच्या आसपास माधवबाग, हिराबाग यांसारख्या वास्तू त्याच परंपरेतल्या. मुंबईत उतरणाऱ्या परगावच्या माणसाला तेथे आसरा मिळे.

या व्यवस्थेतले शहाणपण आपल्या सहसा लक्षात येत नाही. जड आणि धोक्याची वस्तू मुक्कामावर राहते, हलकी आणि निर्धोक वस्तू प्रवास करते. काळबादेवीच्या पेढ्यांवर हुंडी चाले, तिच्यामागेही हेच तत्त्व होते. रोकड वाटेत लुटली जाईल, म्हणून कागद पाठवावा आणि रोकड मुक्कामी घ्यावी. शिधा ही एका अर्थी विस्तवाची हुंडीच होती.

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला गाडी सुटली आणि या व्यवस्थेला पहिला धक्का बसला. गाडीला वेळापत्रक होते. नदीकाठी थांबून भात शिजवण्याची सवड तिच्यात नव्हती. सोवळ्याओवळ्याच्या कल्पनांमुळे स्थानकावरचे अन्न बहुतेकांना चालत नसे. स्थानकांवर पाणीदेखील 'हिंदू' आणि 'मुसलमान' असे वेगळे ठेवावे लागे, तेथे शिजवलेल्या अन्नाची काय कथा! त्यातून दशम्या, धपाटे, गूळपोळ्या अशी टिकाऊ शिदोरी वाढली. एक-दोन दिवसांच्या प्रवासाला ती पुरे. आठ-पंधरा दिवसांच्या यात्रेला ती पुरत नाही, आणि तेथून पुढचा पेच सुरू होतो.

नळातला गॅस, डब्याखालचा गॅस

मुंबईत गॅस प्रथम आला तो उजेडासाठी. ऑक्टोबर १८६५ मध्ये शहराच्या काही रस्त्यांवर गॅसचे दिवे लागले. बॉम्बे गॅस कंपनीचा कारखाना परळ-लालबागच्या बाजूला होता. दगडी कोळसा बंद भट्टीत तापवून निघालेला वायू तेथून नळांतून शहरात जाई. कंपनीचे नाव लालबागच्या रस्त्याला चिकटून राहिले, ते आजही तेथील लोकांच्या तोंडी आहे. हा गॅस मात्र बैठा होता. तो नळ सोडून कोठे जात नसे.

गॅसला प्रवासाला नेले ते रेल्वेनेच. बर्लिनच्या युलियुस पिंट्श याने तेलापासून तयार केलेला वायू दाबाखाली टाक्यांत भरून डब्याखाली बसविण्याची पद्धत काढली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ती युरोपभर पसरली, आणि हिंदुस्थानातील काही रेल्वे कंपन्यांनीही ती घेतली. प्रवासी वर दिव्याच्या उजेडात वर्तमानपत्र वाचत, आणि त्यांच्या पायाखाली दाबलेल्या ज्वालाग्राही वायूच्या टाक्या धावत असत. याची किंमत २२ मे १९१५ रोजी स्कॉटलंडमधील क्विंटिन्सहिल येथे कळली. सैनिकांनी भरलेल्या गाडीची टक्कर झाली, डबे लाकडी होते, खाली गॅसच्या टाक्या होत्या. दोनशेहून अधिक माणसे मेली. टकरीचे कारण संकेतकांच्या चुकीत होते. मृत्यूचा आकडा मात्र टाक्यांनी आणि लाकडाने वाढविला. पुढे विजेचे दिवे आले आणि हा गॅस डब्यांतून गेला.

पिंट्शच्या गॅसविषयी एक गोष्ट त्याच्या बाजूने सांगितली पाहिजे. तो उघडपणे, आराखड्यात धरून बसविलेला होता. टाकी कोठे आहे, नळी कोठून जाते, ती कोणी तपासायची, हे ठरलेले होते. दुर्घटनेनंतर ती पद्धत काढून टाकता आली, कारण ती सर्वांना दिसत होती. गोणपाटात गुंडाळून आणलेल्या सिलिंडरबाबत हे शक्य नसते.

स्टोव्हचे राज्य

१८९२ च्या सुमारास स्वीडनमध्ये फ्रान्स विल्हेल्म लिंडक्विस्ट याने वातीवाचून चालणारा, दाबाच्या रॉकेलवर जळणारा स्टोव्ह बनविला. त्याचे 'प्रायमस' हे नाव जगभर गेले आणि मुंबईच्या चाळींत ते घरातल्या माणसासारखे वावरू लागले. दहा बाय बाराच्या खोलीत लाकडाची चूल म्हणजे धूर आणि काजळी. स्टोव्ह त्यामानाने स्वच्छ, झटपट आणि मुख्य म्हणजे उचलता येण्याजोगा. पितळी टाकी, तिला पंप, काकडा पेटवून बर्नर तापवायचा, मग पंप मारायचा, निपलमध्ये कचरा अडकला की पिन करायची. या साऱ्या क्रिया गिरणगावातल्या दोन-तीन पिढ्यांच्या हातांत बसल्या होत्या. गिरणी कामगारांना डबे आणि ताटे पुरविणाऱ्या खानावळी कष्टाळू बायकांनी याच विस्तवावर चालविल्या. त्या बायकांना संघटित करण्यासाठी १९७५ मध्ये प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले, हा इतिहास सुपरिचित आहे.

स्टोव्ह उचलता येतो, म्हणून तो प्रवासालाही निघाला. येथे मूळ व्यवस्था उलटी झाली. पूर्वी शिधा प्रवास करी आणि विस्तव मुक्कामी भेटे. आता विस्तवच ट्रंकेत बसला, शेजारी रॉकेलची बाटली. फलाटावर, धर्मशाळेच्या ओट्यावर, यात्रेच्या तळावर स्टोव्ह पेटू लागले. तोवर ठीक होते. धावत्या डब्यात, पडद्याच्या आणि बिछान्याच्या शेजारी तो पेटू लागला, तेव्हा धोका बदलला.

स्टोव्हचा भडका ही त्या काळातली नेहमीची बातमी होती. तिच्या आडून घरातल्या सुनांचे खूनही झाकले गेले, हे आपल्या समाजाचे लज्जास्पद सत्य आहे. 'अपघात' हा शब्द केव्हा वापरला जातो आणि तो कोणाच्या सोयीचा असतो, हे तपासून पाहावे, एवढा धडा त्यातून घ्यावा. तो पुढेही उपयोगी पडेल.

सिलिंडर आला, कागद फिरू लागला

१९५४-५५ मध्ये तुर्भ्याला स्टॅनव्हॅक आणि बर्मा-शेल यांचे तेलशुद्धीकरण कारखाने सुरू झाले. कच्चे तेल शुद्ध करताना प्रोपेन आणि ब्यूटेन हे वायू निघतात. मध्यम दाबाखाली त्यांचा द्रव होतो. तो पोलादी नळकांड्यांत भरून घरोघरी विकण्याची सुरुवात बर्मा-शेलने मुंबईत केली. 'बर्शेन' हे नाव जुन्या मुंबईकरांच्या अजून स्मरणात असेल. १९७० च्या दशकात या कंपन्यांचे राष्ट्रीयीकरण होऊन त्यांतून हिंदुस्तान पेट्रोलियम आणि भारत पेट्रोलियम निर्माण झाल्या. गॅसच्या जोडणीसाठी वर्षानुवर्षे नाव नोंदवून थांबावे लागे.

या वितरणपद्धतीत एक गोष्ट फार विचारपूर्वक केलेली होती. बिऱ्हाड दुसऱ्या गावी जाणार असेल, तर सिलिंडर सामानात बांधायचा नाही. तो वितरकाकडे जमा करायचा, अनामत परत घ्यायची, कागद न्यायचा आणि नव्या गावी दुसरा सिलिंडर घ्यायचा. म्हणजे पुन्हा हुंडीच. जुन्या शिध्याच्या व्यवस्थेतले शहाणपण आधुनिक तेलकंपनीच्या चोपडीत अवतरले होते. वारीच्या वाटेवरही हेच दिसते. दिंड्यांना मुक्कामाच्या गावी पूर्वी रॉकेल आणि आता गॅस मिळावा, याची तजवीज प्रशासन करते, ती याच विचाराने. विस्तव मुक्कामी मिळण्याची खात्री असली, की तो बरोबर वाहण्याची निकड कमी होते.

ही खात्री जेथे नसते, तेथे मात्र चोरटा सिलिंडर निघतो. मराठी माणसाच्या सामूहिक पर्यटनाचा येथे विचार करावा लागेल. दादर-माहीम-गिरगाव हा सहल कंपन्यांचा जुना पट्टा. आपली माणसे, आपली भाषा आणि आपले जेवण, ही या सहलींची मोठी ओढ होती. काशीला वरणभात आणि काश्मीरला पिठले-भाकरी मिळावी, या इच्छेला हसणारे हसोत; पण घराबाहेर कधी न पडलेल्या कितीतरी बायका या भरवशावर पहिल्यांदा हिमालय पाहून आल्या. तेव्हा प्रश्न इच्छेचा नाही. ती भागविण्याचा खर्च कोण करतो आणि जोखीम कोणाच्या माथी येते, हा प्रश्न आहे. मुक्कामी रीतसर स्वयंपाकघर भाड्याने घ्यावे, तर पैसे जास्त पडतात. डब्यातच भागवावे, तर पैसे वाचतात आणि धोका आचाऱ्याच्या आणि प्रवाशाच्या अंगावर जातो.

लाल निशाण

धोक्याचा माल कसा न्यावा, याचा मुंबईने घेतलेला सर्वांत महाग धडा १४ एप्रिल १९४४ चा. व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकिन' हे जहाज लागले होते. त्यात सुमारे १,४०० टन स्फोटके होती आणि त्याच जहाजात कापसाच्या गासड्याही होत्या. कापूस धुमसत राहतो, लवकर विझत नाही. स्फोटकांना तेवढेच पुरते. दुपारी दोन स्फोट झाले. मांडवी-मस्जिद बंदरचा भाग उद्ध्वस्त झाला, शेकडो माणसे दगावली, त्यांत अग्निशमन दलाचे ६६ जण होते. त्यांच्या स्मरणार्थ १४ एप्रिलपासून देशभर अग्निशमन सेवा सप्ताह पाळला जातो. धोक्याचा माल दर्शविणारे लाल निशाण त्या जहाजावर लावलेले नव्हते.

वाहतुकीच्या सर्व नियमांचे सार या एका घटनेत आहे. काय कशाशेजारी ठेवावे, आणि जे आहे ते उघड सांगावे. भारतीय कायदा याच दोन गोष्टींवर बेतलेला आहे. १९३८ मध्ये एका अधिसूचनेने धातूच्या पात्रात दाबून भरलेला वायू १८८४ च्या स्फोटकांच्या कायद्याखाली आणला गेला. म्हणजे आपल्या स्वयंपाकघरातला भरलेला सिलिंडर कायद्याच्या दृष्टीने स्फोटकांच्या वर्गात बसतो. १९४० मध्ये गॅस सिलिंडरांचे नियम झाले. १९८१, २००४ आणि २०१६ मध्ये ते नव्याने केले गेले. त्यांची अंमलबजावणी पाहणाऱ्या संघटनेचे मुख्यालय नागपूरला आहे. सायकलवरून किंवा कोणत्याही दुचाकीवरून भरलेला सिलिंडर नेऊ नये, असा या नियमांत स्पष्ट निर्बंध आहे. सायकलच्या दोन्ही बाजूंना सिलिंडर अडकवून गिरगावच्या गल्लीतून जाणारा गॅसवाला ज्यांनी पाहिला आहे, त्यांना नियम आणि रस्ता यांतले अंतर वेगळे सांगायला नको.

रेल्वेचा निर्बंध अधिक जुना. १८९० च्या रेल्वे कायद्यातच धोकादायक मालाचे कलम होते. १९८९ च्या कायद्यात ६७ व्या कलमाने असा माल विहित अटींवाचून बरोबर नेण्यास मनाई केली. १६४ व्या कलमात तीन वर्षांपर्यंत कैद, किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, शिवाय झालेल्या नुकसानीची जबाबदारी, अशी शिक्षा घातली. हा नियम आरक्षित यात्रेच्या डब्यालाही लागू आहे. डबा भाड्याने घेतला म्हणजे तो घर होत नाही.

साधे गणित

हा नियम इतका कडक का, ते थोड्या हिशेबाने कळते. घरगुती सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो. तो द्रवरूपात फार तर २५-२६ लिटर जागा व्यापतो, पण वायू झाल्यावर सहा घनमीटरांहून अधिक पसरतो. हवेत या वायूचे प्रमाण साधारण दोन टक्क्यांपासून साडेनऊ टक्क्यांपर्यंत असले, की ठिणगी पुरते. म्हणजे एका सिलिंडरमधून तीनशे घनमीटर हवा पेट घेण्याजोगी होऊ शकते. रेल्वेच्या एका डब्याची आतली पोकळी सुमारे पावणेदोनशे घनमीटर भरेल. एक सिलिंडर पूर्ण डब्याला पुरून उरतो.

त्यात हा वायू हवेहून दीड ते दोन पट जड. तो वर उडून खिडकीतून जात नाही. खाली, बाकांच्या तळाशी, झोपलेल्या माणसांच्या पातळीवर साचतो. मूळचा तो गंधहीन. आपल्याला येणारा उग्र वास गळती कळावी म्हणून मुद्दाम मिसळलेल्या मर्कॅप्टनचा. झोपलेल्या माणसाला मात्र वास जागे करीलच असे नाही. ६ डिसेंबर २०२० रोजी सकाळी लालबागच्या गणेश गल्लीतल्या साराभाई इमारतीत गळलेल्या गॅसचा स्फोट झाला. डझनाहून अधिक माणसे होरपळली आणि त्यांतली काही दगावली. स्थिर घरात, दारे-खिडक्या असताना ही गत. मग रात्री दारे लावून घेतलेल्या डब्याचे काय?

थंड प्रदेशात आणखी एक अडचण येते. ब्यूटेन सुमारे शून्य अंशालाच वायुरूप व्हायचे थांबतो, प्रोपेन उणे ४२ अंशांपर्यंत टिकतो. हिमालयात सिलिंडर मंद चालू लागला, की तो तापविण्याचा मोह होतो. त्या मोहाला कधीही बळी पडू नये.

फिरती चूल रीतसर कशी न्यावी

मग वायू वाहनात नेताच येत नाही काय? येतो, मुंबईची टॅक्सी तेच करते. तिच्या डिकीत सुमारे दोनशे वातावरणांच्या दाबाखाली नैसर्गिक वायूची टाकी असते. स्वयंपाकाच्या सिलिंडरपेक्षा हा दाब कितीतरी पट जास्त, तरी लाखो लोक निर्धास्त बसतात. कारण टाकी वाहनाला घट्ट बांधलेली असते, तिची ठरावीक मुदतीने जलदाब चाचणी होते आणि तिची नोंद असते. उलट, घरगुती सिलिंडर नळी जोडून व्हॅनमध्ये चालविण्याचा उद्योग आपल्याकडे वर्षानुवर्षे चालला, तो या तिन्ही कसोट्यांवर नापास होता. वाहनांना असा वायू रीतसर वापरण्याची वाट २००० च्या कायदेदुरुस्तीने मोकळी केली.

२०२१ मध्ये महाराष्ट्र शासनाने कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले. चाकांवरच्या या घरात ओटा आणि शेगडी असते. अमेरिकेतल्या मराठी कुटुंबांना अशा घरगाड्या परिचयाच्या आहेत. तेथे प्रोपेनची टाकी ऐंशी टक्क्यांहून अधिक भरत नाहीत, कारण उन्हात द्रव फुगतो आणि त्याला जागा लागते. काही बोगद्यांत अशा टाक्यांवर बंधन असते. बाल्टिमोरमध्ये बोगदे टाळणाऱ्यांसाठी फ्रान्सिस स्कॉट की पूल होता. २६ मार्च २०२४ रोजी तो कोसळल्यावर अशा वाहनांना शहराला मोठा वळसा घालावा लागला. नियमाबरोबर पर्यायी वाट असली, तरच नियम पाळला जातो, याचे हे बरे उदाहरण आहे.

आपल्या कॅराव्हॅनवाल्याने किंवा दिंडीच्या ट्रकवाल्याने लक्षात ठेवावयाच्या गोष्टी थोड्या आहेत. सिलिंडर उभाच ठेवावा आणि पट्ट्याने बांधावा. आडवा झाल्यास तोंडातून वायूऐवजी द्रव येतो. वाहन चालू असताना रेग्युलेटर काढून तोंडावर टोपण बसवावे, आणि चालत्या वाहनात शेगडी पेटवू नये. सिलिंडरच्या कप्प्याला तळाशी झरोका असावा. कड्यावर आतून लिहिलेले अक्षर आणि वर्ष पाहावे: अ, ब, क, ड या क्रमाने रोमन लिपीतील पहिली चार अक्षरे वर्षाच्या चार तिमाही दाखवितात, आणि चाचणीची ती मुदत उलटलेला सिलिंडर घेऊ नये. वास आला तर दिव्याचे बटण लावूही नये आणि मालवूही नये. दारे उघडून माणसे बाहेर काढावीत.

जबाबदारी कोणाची

३१ ऑक्टोबर २०१९ रोजी पाकिस्तानात तेजगाम एक्स्प्रेसला आग लागून सत्तरांहून अधिक माणसे गेली. प्रवासी सिलिंडरवर न्याहारी करीत होते, असे रेल्वेने लगेच सांगितले. वाचलेल्या काही प्रवाशांनी मात्र विजेच्या तारांकडे बोट दाखविले. वर स्टोव्हच्या संदर्भात म्हटले, ते येथे आठवावे. दोष मेलेल्या प्रवाशावर टाकणे नेहमीच सोपे असते. त्याला उत्तर देता येत नाही.

सिलिंडर डब्यात नेणे हा गुन्हाच आहे, आणि तो तसाच राहिला पाहिजे. पण दहा दिवसांच्या यात्रेचा डबा देताना, 'जेवणाची सोय काय?' हा प्रश्न अर्जातच असावयास हवा. उत्तर समाधानकारक नसेल, तर डबा देऊ नये. स्थानकांवर, यात्रेच्या तळांवर, वाहनतळांवर भाड्याने मिळणारे साधे, हवेशीर स्वयंपाकघर असेल, तर किती आचारी गोणपाटात सिलिंडर लपवतील? माधवबाग बांधणाऱ्यांना हे कळले होते: प्रवाशाला छप्पर, पाणी आणि चुलीला जागा द्यावी, म्हणजे तो विस्तव पदरी बांधून निघत नाही. मदुराईच्या नऊ जणांना त्या पहाटे चहाच हवा होता.